मामाच्या टॅक्सीतून ड्राइव्ह-इनला

ठाण्याहून निघताना मामाला मी पुढे, माझ्या शेजारी बसवलं. चाळीस वर्षं त्याने मुंबईत टॅक्सी चालवली, आता गुडघ्यांमुळे सोडली. चुनाभट्टीहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, उतरणाऱ्या नव्या पुलावर लागलो तसा तो काचेला डोळे लावून मिठी नदी शोधू लागला. "इथे सगळा चिखल होता रे. खाजण नुसतं."

त्या खाजणाच्या कडेला, कलानगरच्या अलीकडे, वांद्र्याचं ड्राइव्ह-इन होतं, गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघड्यावरचं थिएटर. सत्तरच्या दशकात सुरू झालेलं. अहमदाबादलाही एक सुरू झालं होतं, 1973 ला, 665 गाड्यांचं. पण आमच्यासाठी जगात ड्राइव्ह-इन एकच, वांद्र्याचं. आमच्या अख्ख्या चाळीत कुणाकडे गाडी नव्हती. मामाकडे मात्र काळी-पिवळी फियाट होती. मालकाचीच, पण रविवारी रात्री धंद्याला सुट्टी देऊन तो आम्हा सात जणांना तीत घालायचा. आई घरून पुरणपोळ्या घ्यायची. खिडकीच्या काचेवर लोखंडी स्पीकर अडकवला की त्याच्या घरघरीतून संवाद यायचे आणि खाडीवरून वारा. मी निम्म्या सिनेमाला झोपायचो. तरीही थिएटरमधला एकही सिनेमा मला इतका आठवत नाही.

ड्राइव्ह-इनची ही कल्पना रिचर्ड हॉलिंग्सहेड या अमेरिकन माणसाची. न्यू जर्सीतल्या आपल्या घराच्या अंगणात त्याने झाडांना चादर बांधली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि पावसात कसं दिसेल हे बघायला काचेवर बागेतल्या फवाऱ्याचं पाणी सोडलं. पुढच्या गाडीआड पडदा झाकला जाऊ नये म्हणून त्याने चाकांखाली ठोकळे ठेवून गाड्या किती उचलाव्यात ते ठरवलं. रांगारांगांचे ते चढ त्यातूनच आले. 6 जून 1933 ला त्याचं थिएटर सुरू झालं: गाडीचे 25 सेंट, माणशी 25, आणि तिघं किंवा जास्त असले तर सगळे मिळून एक डॉलर. सात जणांच्या टॅक्सीसाठी याहून चांगला दर कुठला! 1958 च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. मग घरोघरी टीव्ही आला आणि जमिनी महागल्या. बीकेसीत तर काचेचे मनोरे उभे राहिले. एवढी मोठी जागा रात्री दोन खेळांसाठी मोकळी ठेवणं कुणाला परवडणार? नव्या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याचं बंद झालं. मामाला ते एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं.

नवं ड्राइव्ह-इन 5 नोव्हेंबर 2021 ला त्याच परिसरात उघडलं, पण मॉलच्या गच्चीवर. जागा 290 गाड्यांची. पार्किंगचे मजले चढत वर गेलो. आता स्पीकर नाही, आवाज गाडीच्या रेडिओवर येतो आणि लख्ख येतो. पडदाही झकास आहे. तरी मला मान्य करावं लागतं की पायाखाली माती हवी होती. गच्चीवर चढलेली गाडी आणि रानात थांबलेली गाडी यांत फरक आहेच.

सिनेमा सुरू झाला. एसी चालू होता, काचा बंद. मामाने थोडा वेळ पाहिलं, मग दारावर हात फिरवत काच खाली करायचा हँडल शोधू लागला. मी बटण दाबून काच उतरवली. बाहेरचा दमट वारा आत आला. त्याने कोपर खिडकीवर टेकवलं, जसं तो टॅक्सीत टेकवायचा, आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "पोळ्या आणल्यात ना?"

आणल्या होत्या.