दूध कट्ट्याच्या गावात बाळाचं वरचं खाणं

कोल्हापुरात राहून "बाळाला म्हशीचं दूध नको" म्हणायला धाडस लागतं. आमच्या घरात तर जरा जास्तच. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, रोज पहाटे चरवी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जातात. म्हैस समोर उभी, धार डोळ्यांदेखत काढलेली, फेसाळ पेला तिथंच उभ्या उभ्या रिचवायचा आणि घरचं दूध चरवीतनं आणायचं. तरुणपणी तालमीत जाणारा माणूस. अंगात जे काही आहे ते या दुधामुळंच, यावर त्यांची ठाम श्रद्धा. नातीसाठी त्यांनी तिच्या बारशाआधीच "पाणी न घातलेलं, एकाच म्हशीचं" दूध ठरवून ठेवलं होतं.

माझी अडचण रजेची होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे खरं. पण त्यातली काही बाळंतपणाआधीच खर्ची पडते. माझे पाय सुजायला लागले म्हणून मी आधीच घरी बसले होते. त्यामुळं लेक सहा महिन्यांची व्हायच्या आत मला कामावर हजर व्हायचं होतं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. मधल्या काही आठवड्यांचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

घरात उपाय तयार होता. "मामा दूध आणतात, मी पाणी घालून उकळून पाजतो, तू निर्धास्त जा," असं आत्ती म्हणाल्या. (सासूबाईंना आम्ही सगळे आत्तीच म्हणतो. त्यांचं 'मी पाजतो' ऐकून माझ्या पुण्याच्या मैत्रिणी अजून हसतात.) दुसरा उपाय डब्यातल्या पावडरीचा. तो नवऱ्यानं सुचवला. त्या डब्यावर बाळाचा फोटो छापायला कायद्यानं बंदी आहे आणि आईचं दूध सर्वोत्तम असं डब्यावरच लिहावं लागतं, हे वाचून तो स्वतःच गप्प झाला. पावडर वाईट असं मी म्हणत नाही. ज्या बाईला दूध येत नाही तिनं ती डॉक्टरांना विचारून, बिनअपराधीपणानं द्यावी. मला दूध येत होतं, प्रश्न फक्त ते पोरीपर्यंत पोचवायचा होता.

मामांना समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून लसीकरणाच्या फेरीला त्यांनाच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वाद घातला नाही, आकडे सांगितले. आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं साधारण एक ग्रॅम, म्हशीच्या दुधात त्याच्या जवळजवळ चौपट. एवढा भार लहान मूत्रपिंडांना पेलत नाही. शिवाय त्यात लोह नगण्य, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यातून प्राण्याच्या दुधामुळं डोळ्यांना न दिसेल इतकं रक्तही झिरपू शकतं. म्हणजे बाळ गुटगुटीत दिसतं आणि आतून फिकट पडत जातं. पाणी घातलं तर प्रथिनं उतरतात खरी, पण पोटात नुसतं पाणीच जातं. धारोष्ण दुधाचं तर नावच काढू नका, न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, असंही त्या म्हणाल्या.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे रेडकाला जसा पहिला चीक त्याच्या आईचाच लागतो, तसं म्हणताय व्हय?" डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच. तिथं प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवसापासून मामा शेजारपाजाऱ्यांना चिकाचं शास्त्र सांगत सुटले. गोठा पाहिलेल्या माणसाला गोठ्यातलं उदाहरण जितकं पटतं तितकं तक्त्यावरचं चित्र पटत नाही.

आता दूध काढून ठेवायचं. मी हातानं दाबायचा साधा पंप घेतला, पण महिन्याभरात नुसत्या हातानंच जास्त चांगलं निघायला लागलं. आधी गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं शेक, मग काळ्या वर्तुळाच्या जरा मागं अंगठा आणि बोटं ठेवून आत दाबायचं, ओढायचं नाही. सुरुवातीला वाटीच्या तळाला जेमतेम चार थेंब. दूध कमी आहे असं वाटून रडू येतं, पण बाळ जितकं ओढतं तितकं हाताला येत नाही, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसात यासाठी जागा नव्हती. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा जादा सुटी मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. मी तो नियम छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांना तो माहीतच नव्हता, पण माणूस भला. जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली माझ्याकडं आली. आतून कडी, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि सभोवती आधीच्या पिढीच्या बाईंडिंग केलेल्या फायली. तिथं धुळीचा वास यायचा म्हणून मी डबा उघडण्याआधी खिडकी उघडायची.

काढलेलं दूध साध्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, हे मी घरी फ्रिजवर चिकटवलं. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, सारखं उघडझाप होऊन तापमान वर-खाली होतं, मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचं. प्रत्येक बाटलीवर वेळ लिहायची. पाजताना गॅसवर नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवून. पहिल्याच दिवशी दुपारी आत्तींचा फोन आला, आवाज घाबरलेला, "अगं, दूध फाटलं की गं! वर सायीसारखं आलंय, खाली पाणी." नशीब ओतून दिलं नव्हतं. ठेवलेल्या दुधातली चरबी वर येते, बाटली हलक्या हातानं गोल फिरवली की मिसळते. आत्तींनी फोन चालू ठेवूनच फिरवली. "व्हय गं, झालं एक," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाटलीच्या बोंडाची पोरीला सवय लावायची नव्हती, एकदा लागली की अंगावर प्यायचा कंटाळा करतात. इथं आत्तीच कामाला आल्या. माळ्यावरच्या ट्रंकेतनं त्यांनी चांदीचं बोंडलं काढलं, नवऱ्याच्या लहानपणचं. चिंचेनं घासून, उकळून घेतलं. पोरीला मांडीवर जरा उभं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि ओतायचं नाही, तिचं तिनं जिभेनं ओढून घ्यायचं. हे कसब मला अजून नीट जमत नाही. आत्तींच्या हातून थेंब सांडत नाही.

घुटीवरनं थोडी खळखळ झाली. वेखंड, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळून चाटवायचं, यात आमच्या आईनंही सासूबाईंची बाजू घेतली. शेवटी उगाळायचं, पण टाळूला आणि कपाळाला लावायचं, तोंडात नाही, असं ठरलं. मधाचं बोटसुद्धा नाही, वर्षाच्या आत मधातल्या जिवाणूंमुळं बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. मधावर आत्ती फारशा भांडल्या नाहीत, मला वाटतं त्यांनाही मध आवडत नाही.

सहा महिने भरले. मान धरते, आधारानं बसते, चमचा तोंडापाशी नेला की जीभ बाहेर ढकलत नाही, या खुणा पाहून उष्टावण केलं. माझा भाऊ आला, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची खीर, अंगठी बुडवून ओठांना लावली. साखर फक्त मोठ्यांच्या वाट्यात. पोरीनं अंगठीच चोखायला घेतली.

मग नाचणी. ती आमच्याकडं राधानगरीकडच्या पाहुण्यांकडनं येते. रात्रभर भिजवून, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची आणि मलमलमधून गाळायची. ऐकायला सोपं. आमची नाचणी काढली श्रावणात. कोल्हापूरचा पाऊस माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. मोड आले, पण ऊन नाही. स्वयंपाकघरात पंख्याखाली चादर पसरली, तासातासानं हात फिरवला, तरी दुसऱ्या संध्याकाळी आंबूस वास. ती नाचणी गेली. पुढच्या खेपेला आत्तींनी मोडावरची नाचणी निथळली की लगेच जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ओल सुकेपर्यंत परतली, मग पंख्याखाली टाकली. वाळल्यावर सुपात चोळून कोंब झाडले.

मोड का आणायचे हे मला खीर करताना कळलं. मोड येताना धान्यात जे एन्झाइम तयार होतं ते स्टार्च तोडतं, त्यामुळं लापशी चिकट घट्ट होत नाही. थोड्या पाण्यात जास्त पीठ मावतं, म्हणजे चिमुकल्या पोटात जास्त सत्त्व जातं. कोमट गुरगुट्या भातात या पिठाची चिमूट टाकून ढवळलं तर भात डोळ्यांसमोर सैल होतो, करून बघा. पण पातळ पाणीही करायचं नाही. चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला तर खीर लगेच ओघळून जाता कामा नये. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग हळूहळू अर्धी वाटी.

नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ही गोष्ट आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. लोहाच्या बाबतीत मात्र एकट्या नाचणीच्या भरवशावर राहू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळ जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो, आईच्या दुधात ते फार थोडं. लोहाचे थेंब त्यांनी लिहून दिलेच, ड जीवनसत्त्वाचे तर आधीपासून चालू होते. डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह नीट शोषलं जातं, हेही त्यांचंच.

आणि इथं कोल्हापूर मदतीला आलं. रविवारी घरात मटण शिजतंच. तांबडा-पांढरा रस्सा होण्याआधी पातेल्यातलं अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, बाजूला काढायचं, तापातनं उठलेल्याला आणि लेकराला ते पाजायचं, ही इथली रीत. आत्ती हरखल्या, अखेर त्यांच्या मनासारखं काही डॉक्टरांच्या यादीत निघालं. पण डॉक्टरांनी त्यातही दुरुस्ती केली. लोह पाण्यात नाही, मांसात आहे. नुसतं अळणी पाजून काही होत नाही. मग आत्तींनी मऊ शिजलेला तुकडा दगडी खलात कुटला, धागे काढले, पुन्हा कुटला, बोटांच्या चिमटीत चोळून बघितला आणि गुरगुट्या भातात कालवला. मिक्सर का नाही विचारलं तर म्हणाल्या, "त्यात धागा राहतोय, घशात अडकंल." खरं आहे, मी नंतर करून पाहिलं.

मिठाचं मात्र अजून मिटलेलं नाही. वर्षापर्यंत मीठ नको, साखर-गूळ नको, हे डॉक्टरांचं म्हणणं मामांनी मान्य केलं आहे, आत्तींनी नाही. "चव कशी लागंल पोरीला?" हा त्यांचा प्रश्न. तिला चव ठाऊकच नाही तर ती मागेल कशी, हे माझं उत्तर. पोरगी दोघींच्या मधे बसून भाकरीचा मऊ पापुद्रा चघळत असते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस पुढच्या आठवड्यात आहे. त्या फेरीला मामांऐवजी आत्तींना न्यायचं ठरवलं आहे.