लेस्टरमध्ये मॅनेजरला नारळ मिळतो तेव्हा

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून लेस्टरला पोहोचायला आगगाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मी तिथे मामेभावाकडे गेलो, तेव्हा ‘बर्ट’ नावाच्या वादळाने सगळ्या इंग्लंडला झोडपून काढले होते. पाहण्याच्या गोष्टी मी मोजक्याच ठरवल्या होत्या: 2012 मध्ये एका वाहनतळाखाली ज्याचा सांगाडा सापडला त्या तिसऱ्या रिचर्ड राजाची कबर, बेलग्रेव्ह रस्त्यावरचा गुजराती बाजार आणि लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचे मैदान. कबर पाहून झाली. बाकीच्या दोन ठिकाणी मात्र शनिवार-रविवार जे ऐकले, त्यापुढे राजेसाहेब मागे पडले.

शनिवारी दुपारी साडेबाराला लंडनच्या चेल्सी क्लबविरुद्ध सामना होता. तिकिटे मिळणे शक्यच नव्हते, म्हणून मैदानाला बाहेरून फेरी मारून, क्लबचे दिवंगत थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्या पुतळ्यापाशी थांबून आम्ही जवळच्या एका पबमध्ये शिरलो. 2018 च्या ऑक्टोबरात सामना संपल्यावर याच मैदानातून उडालेले त्यांचे हेलिकॉप्टर लगतच कोसळले होते. पुतळ्याच्या पायाशी ठेवलेली फुले पावसात भिजून चिकटली होती, तरी ती ताजी दिसत होती.

पबमध्ये आमच्या टेबलाशी होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. लेस्टरला मागच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून देणारे एन्झो मारेस्का आता चेल्सीचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून समोरच्या बाकावर होते, आणि लेस्टरच्या बाकावर स्टीव्ह कूपर होते, ज्यांनी पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ सांभाळला होता. नॉटिंगहॅम म्हणजे शेजारचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर असलेले गाव. आजोबांच्या मते कूपर यांचा खरा गुन्हा एवढाच होता, बाकी सगळी कारणे नंतर जमवलेली होती. लेस्टर 2-1 असे हरले. त्यांचा गोल भरपाई वेळेत पेनल्टीवर झाला, तेव्हा टाळ्या वाजवण्याचेही कुणाला सुचले नाही.

रविवारी बेलग्रेव्ह रस्त्यावरच्या एका मिठाईच्या दुकानात जिलेबी घेत असताना मामेभावाच्या फोनवर बातमी आली, की बारा लीग सामन्यांत दोन विजय मिळवलेल्या कूपर यांना क्लबने काढले. संघ तेव्हा सोळाव्या स्थानी होता. दुकानाचे मालक 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या कुटुंबातले, आणि मैदानाचा हंगामी पास बाळगणारे. हातातला झारा तसाच कढईवर धरून ते म्हणाले, “भाई, रानिएरीलाही असेच काढले होते.” पाक टपटप तुपात पडून तडतडू लागला, तरी त्यांचे लक्ष नव्हते. कूपर यांचे नाव त्यानंतर दुकानात फारसे निघाले नाही. अर्धा तास वाद झाला तो सात वर्षांपूर्वीच्या हकालपट्टीवर.

ज्यांना तो इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की क्लाउडिओ रानिएरी 2015 च्या जुलैत लेस्टरला आले, ते मुळात आधीच्या मॅनेजरला, नायजेल पिअर्सन यांना, काढल्यामुळे. पिअर्सन यांनी तळाला गेलेला संघ शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचवला होता (रिचर्ड राजाचे दफन त्याच मार्चमध्ये झाल्यामुळे हे श्रेय राजाला देणारेही गावात आहेत), आणि तरीही जूनअखेर त्यांना निरोप मिळाला. रानिएरी यांची निवड झाली तेव्हा लेस्टरच्याच गॅरी लिनेकर या माजी फुटबॉलपटूने जाहीरपणे भुवया उंचावल्या होत्या, कारण ग्रीसचा संघ मायदेशात फॅरो बेटांकडून हरल्याने त्यांना नुकताच तिथून नारळ मिळाला होता. पुढच्या मे महिन्यात, सट्टेबाजांनी ज्या संघावर एकास पाच हजार असा भाव दिला होता, तो लेस्टर 81 गुण मिळवून प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीचा, विजेता ठरला.

त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांत, 23 फेब्रुवारी 2017 रोजी, रानिएरी यांना काढण्यात आले. संघ सतराव्या स्थानी, खालच्या श्रेणीत ढकलणाऱ्या पदावनतीच्या रेषेपासून एका गुणावर होता आणि नव्या वर्षात लीगमध्ये एकही गोल झाला नव्हता. जगभरातून टीकेची झोड उठली. चेल्सीत एके काळी रानिएरी यांचीच जागा घेणारे जोसे मोरिन्यो त्यांची आद्याक्षरे अंगावरच्या कपड्यावर लावून पत्रकारांसमोर आले. बाहेरच्यांना हा प्रश्न सोपा वाटत होता: कृतघ्नपणा. मिठाईवाल्यांचे मत आजही तेच आहे. “ज्याने आम्हाला आकाश दाखवले, त्याच्याबरोबर खाली उतरायलाही माझी हरकत नव्हती,” असे ते म्हणाले.

माझा भाऊ मात्र तावातावाने म्हणाला, “दादा, हे बोलायला छान आहे, पण पुढे काय झाले ते बघ.” चारच दिवसांनी सहायक क्रेग शेक्सपियर यांच्या हाताखाली तेच खेळाडू लिव्हरपूलविरुद्ध 3-1 असे जिंकले, तो धरून लागोपाठ पाच लीग सामने जिंकले, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये स्पेनच्या सेव्हिल्याला हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि लीगमध्ये बारावे आले. दुकानदारांचे उत्तर तयार होते: खेळाडूंना पाच सामने जिंकता येत होते, तर ते आधी का जिंकले नाहीत? खेळाडूंनीच मालकांकडे तक्रार केल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या आणि संघाचे आघाडीचे खेळाडू जेमी वार्डी यांनी त्या साफ नाकारल्या होत्या. या मुद्द्यावर त्या दुकानात एकमत होणे शक्य नव्हते.

मला दोघांचेही पटत होते, आणि हेच मला त्या वादात खरे मोलाचे वाटले. निर्णय निर्दय होता आणि लागूही पडला. मात्र एकदा लागू पडलेला उपाय नेहमीच लागू पडतो अशी समजूत होते, ती घातक. 2023 मध्ये, एफए कप ही देशातली बाद फेरीची स्पर्धा जिंकून देणाऱ्या ब्रेंडन रॉजर्स यांच्याबाबत क्लबने उलट एप्रिल उजाडेपर्यंत वाट पाहिली. संघ एकोणिसावा असताना, दहा सामने उरले असताना ते गेले, आणि संघ खालच्या श्रेणीत घसरलाच. रानिएरींसाठी हळहळणारे हेच मिठाईवाले रॉजर्स यांना नाताळातच काढायला हवे होते असे म्हणाले, तेव्हा भावाने त्यांच्याकडे बोट दाखवले आणि गिऱ्हाइकांसकट सगळे हसले.

कूपर यांच्या जागी रूड व्हॅन निस्टलरॉय आले. पहिलाच सामना वेस्ट हॅमविरुद्ध 3-1 असा जिंकला, वार्डी यांनी दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, आणि भावाचा उत्साही फोन आला, की बघ, पुन्हा 2017. पुन्हा 2017 काही झाले नाही. घरच्या मैदानावर लीगमधले लागोपाठ नऊ सामने एकही गोल न करता हरून लेस्टर एप्रिल 2025 मध्येच खाली गेले, आणि जूनमध्ये व्हॅन निस्टलरॉय यांचीही रवानगी झाली. त्या दिवशी पबमध्ये पुन्हा वाद पेटला, की या सगळ्याची सुरुवात नेमकी कोणाच्या हकालपट्टीपासून झाली. भावाने फोनवर सांगितले, की होजिअरीवाल्या आजोबांनी पिअर्सनपासूनची सगळी नावे ऐकून घेतली आणि ग्लास खाली ठेवून निकाल दिला: चूक कोणत्याही मॅनेजरला काढण्यात नव्हती, 2016 च्या उन्हाळ्यात विजेत्या संघातल्या एन्गोलो कान्ते यांना चेल्सीला विकण्यात होती.