मॅटिंगखालचं पाणी

जुलैतली गोष्ट. चिपळूणच्या आमच्या गॅरेजात एक निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले. "गाडीत बसवत नाही हो. नुसता कुबट वास." वॉशिंग सेंटरवर दोनदा आतून धुऊन झाली होती, डॅशबोर्डवर सुगंधाची बाटलीही होती. मास्तरीणबाई उतरल्या त्या पदर नाकाला लावूनच.

डावीकडची रबरी मॅट उचलून मी मॅटिंगवर, म्हणजे तळाला बसवलेल्या फोमच्या गालिच्यावर, अंगठा दाबला. हाताला कोरडं लागत होतं, पण दाब देताच अंगठ्याभोवती पाणी वर आलं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही कितीतरी बुडालेल्या गाड्या उपसल्या. पण पूर निदान सीटवर चिखलाची रेघ ठेवून जातो. गळतीचं पाणी मुकाट्याने फोममध्ये जाऊन बसतं.

मास्तर म्हणाले, "दोन दिवस पंखा लावून ठेवलात तर?" मी म्हटलं, "सर, आधी पाणी कुठून येतंय ते बघू. नाहीतर पुढच्या सरीला परत तेच."

पाणी चिकट नव्हतं, गोडसर वास नव्हता, म्हणजे हीटरचं कूलंट नव्हे. एसीचा पाइप बाहेर व्यवस्थित टपकत होता. मग पोऱ्याला होज पाइप दिला आणि मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पाणी खालून वर मारत जायचं, एका वेळी एकच जागा. सगळीकडे एकदम मारलं तर काहीच कळत नाही. दरवाजे कोरडे राहिले. पाइप पुढच्या काचेच्या बुडाशी आला आणि ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, डब्यातून थेंब माझ्या गालावर पडला.

वायपरखालची जाळी काढली. चिंचेचा पाला! बारीक पानं जाळीतून आत जाऊन कुजली होती, निचऱ्याची भोकं काळ्या गाळाने बुजली होती. पाणी साठून वर चढायचं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत उतरायचं. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर तर बुरशीने काळा पडला होता.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो. सीटखाली वायरी जोडणारे पिवळे कपलर असतात ते एअरबॅगचे, तिथे घाई चालत नाही. सीट काढल्या, मॅटिंग उचललं. दोघांना जड गेलं. खाली पत्र्यावर पाणी, एका कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या, आणि कोपऱ्यात पिशवीतून सांडलेले मूग. चांगले बोटभर मोड आलेले. मास्तर बराच वेळ त्या मुगांकडे बघत राहिले. "आणि आम्ही वरून सेंट मारत होतो," एवढंच म्हणाले.

फोम पिळून, शॅम्पूने धुऊन, व्हॅक्यूमने ओढून शेडमध्ये उभा टांगला. कोकणातला जुलै, ऊन कुठलं? दोन पंखे लावूनही पाच दिवस लागले. चौथ्या दिवशी वरून सुका होता, मधे बोट घातलं तर अजून गार. तसाच बसवला असता तर सगळी मेहनत पाण्यात. तेवढ्या दिवसांत पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर मारला, पिना साफ केल्या, फिल्टर नवा टाकला. बसवण्याआधी पुन्हा अर्धा तास काचेवर पाणी सोडलं. एक थेंब आला नाही.

न्यायला दोघं आली. बाई पुढे बसल्या, दार लावून घेतलं, काच खाली केली नाही. मास्तरांना म्हटलं, गाडी चिंचेखाली लावू नका. म्हणाले, "अंगणात दुसरी जागाच नाही." मग त्यांना बॉनेट उघडून जाळी कशी झाडायची ते दाखवलं. त्यांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं.