आगोट

जुलैतली रात्रपाळी. बाहेर परळ नेहमीप्रमाणे तुंबलेलं. साडेसातला आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये घशाचे दोन स्वॅब आले. मुलगा पाच वर्षांचा, मान सुजलेली, टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा, खरवडला की रक्त. फॉर्मवर 'घटसर्प?' (म्हणजे डिप्थीरिया) असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं. पाचव्या वर्षीची लस गावी गेल्यामुळे राहून गेलेली.

एक स्वॅब काचेवर फिरवून त्याला जंतू पाहायचा नेहमीचा ग्रॅमचा रंग दिला. पू-पेशी, जांभळे दांडके, घशातली नेहमीची खिचडी. यावरून काय सांगणार? दुसरा स्वॅब लोफ्लरच्या स्लोपवर, म्हणजे जंतू वाढवायच्या तिरक्या गोठवलेल्या खाद्यावर, फिरवून ३७ अंशाला ठेवला. तीन भाग सीरम, एक भाग ग्लुकोज ब्रॉथ, उष्णतेने गोठवलेलं. दिसायला थेट खरवस. (ही नोकरी लागल्यापासून मी खरवस खात नाही.) घटसर्पाचा जंतू त्यावर सहा-आठ तासांत वाढतो, बाकीच्यांना एवढी घाई नसते.

अडीचला त्या वाढीचा काचेवर पातळ थर (स्मीअर) केला, अल्बर्टचा रंग लावला: आधी टोल्युडीन ब्लू आणि मॅलाकाइट ग्रीन, मग आयोडीन. सूक्ष्मदर्शकाच्या तेलातल्या भिंगाखाली हिरवे, बारीक, वाकडे दांडके, व्ही आणि एल अक्षरांसारखे एकमेकांना टेकलेले. टोकांना निळे-काळे ठिपके. पुस्तकं याला चिनी लिपी म्हणतात. आमच्या लॅबच्या शिपाईमामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "मॅडम, काड्यापेटी सांडली वाटतं." मला तेच पटलं. फक्त गुल दोन्ही टोकांना.

ते गुल म्हणजे पॉलिफॉस्फेट. फॉस्फेटच्या लांब साखळ्या गुंडाळून ठेवलेल्या. घरी पावसाळ्याआधी डाळ-तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवतात ना, तशी जंतूची आगोट. सीरमवर खायला भरपूर, म्हणून कोठारं टम्म. थेट स्वॅबच्या स्मीअरमध्ये ती इतकी उठून दिसत नाहीत. १८८०च्या दशकात बाबेश आणि अर्न्स्ट यांनी ती पाहिली, म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. रंग निळा लावावा आणि दाण्याने तो भलताच दाखवावा, हे त्यांचं वैशिष्ट्य.

पण घशातल्या निरुपद्रवी भावंडांतही असे दाणे असू शकतात. म्हणून 'सूचक' एवढंच लिहिलं आणि धावत वॉर्डला फोन लावला.

"अँटिटॉक्सिन, विषावरचा उतारा, आठलाच दिलं," पलीकडून झोपाळलेला आवाज. "तुमच्यासाठी थांबलो असतो तर झालंच होतं."

थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी टेल्युराइटच्या प्लेटवर (हा जंतू ओळखायच्या खाद्यावर) जंतूच्या काळ्या वसाहती उठल्या. तोवर पोराची मान उतरली होती.