बंद दाराबाहेर सुचलेले गाणे

रविवार, सकाळ

पहाटेपासून पावसाने धरल्यामुळे टेकडीवर जाणे राहिले, म्हणून चहाचा दुसरा कप घेऊन कपाटावरचा कॅसेटींचा खोका खाली काढला. नो डाउट या अमेरिकी बँडच्या 'ट्रॅजिक किंगडम' या अल्बमची माझी कॅसेट आता वाजत नाही. महाविद्यालयात असताना एका मित्राच्या टेपरेकॉर्डरने तिची फीत गिळली होती, आणि पेन्सिलीने ती पुन्हा गुंडाळली तरी दुसऱ्या बाजूचे एक गाणे कायमचे खरवडले गेले ते गेलेच. आतला घडीचा कागद मात्र शाबूत आहे. संत्र्यांच्या बागेत, लाल झग्यात आणि हातात संत्रे घेऊन गायिका ग्वेन स्टेफानी अगदी पुढे उभी आहे आणि बाकीची मंडळी मागे झाडांत आहेत.

ही संत्री केवळ सजावटीची नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळले. हा बँड कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीमधल्या अ‍ॅनाहाइम गावचा, आणि त्याच गावात संत्र्यांच्या व अक्रोडांच्या बागा तोडून 1955 साली डिस्नेलँड उभे राहिले. त्या जादुई राज्याच्या, म्हणजे 'मॅजिक किंगडम'च्या, नावाची मोडतोड करून अल्बमचे नाव झाले, आणि तो शब्दखेळ मुळात गिटारवादक टॉम ड्युमॉन्टच्या शाळेतील एका शिक्षकांचा. स्वतःच्या गावाकडे असे तिरकस पाहणाऱ्या माणसांविषयी मला आपोआप जवळीक वाटते.

अल्बमची जन्मकथा मात्र हसण्यासारखी नाही. 1986 साली ग्वेनचा मोठा भाऊ एरिक याने बँड काढला. तो की-बोर्ड वाजवी, गाणी रची, आणि इंग्लंडच्या मॅडनेस या बँडचे वेड बहिणीला त्यानेच लावलेले. 1987 च्या डिसेंबरात मुख्य गायक जॉन स्पेन्सने आत्महत्या केली. त्यातून सावरत 1992 साली त्यांनी पहिला अल्बम आणला खरा, पण तेव्हा अमेरिकेत ग्रंज या उदास, खरखरीत रॉक संगीताचे काळवंडलेले दिवस होते, आणि ट्रम्पेट-ट्रोम्बोनच्या उड्या मारणाऱ्या या संगीताला कोण विचारणार? जेमतेम तीस हजार प्रती खपल्या. कंपनीचा हात आखडला, तेव्हा याच मुलांनी गॅरेजमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि 'द बीकन स्ट्रीट कलेक्शन' हा अल्बम 1995 च्या सुरुवातीला आपला आपण काढला. मधल्या काळात 'ट्रॅजिक किंगडम'चे काम तुकड्यातुकड्यांनी चालूच होते: मार्च 1993 ते ऑक्टोबर 1995, लॉस एंजलिसच्या परिसरातील तब्बल अकरा स्टुडिओंमध्ये. अकरा स्टुडिओ म्हणजे श्रीमंती थाट असे कोणाला वाटेल. मला मात्र त्यात भाड्याच्या घरांतून बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाची ओढाताण दिसते.

निर्माता म्हणून मॅथ्यू वाइल्डर आला आणि एरिकचे मन त्यात रमेना. आजवर जी गाणी तो आपल्या मर्जीने घडवत आला होता, त्यांवर बाहेरच्या माणसाने कात्री चालवावी हे त्याला सोसले नाही. तो हळूहळू तालमींना यायचा थांबला, 1994 च्या अखेरीस बँडमधून बाहेर पडला आणि 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेसाठी चित्रे काढू लागला. पण अल्बममधून तो गेलेला नाही. 'डोन्ट स्पीक' हे त्याने आणि ग्वेनने मिळून रचलेले गाणे. ते आधी प्रेमाचे आणि बऱ्याच मोकळ्या चालीचे होते, मग पुन्हापुन्हा लिहिले गेले आणि शेवटी विरहाचे झाले.

तो विरह बँडच्या आतलाच होता. ग्वेन आणि बेस गिटार वाजवणारा टोनी कनाल यांचे सात वर्षांचे नाते याच काळात तुटले. मी स्वतः हौशी बेसवादक असल्यामुळे माझा जीव नेहमी या माणसात अडकतो. ज्याने नाते संपवले त्याच्याविषयीची गाणी स्टुडिओत त्यालाच वाजवायची होती, आणि पुढे कार्यक्रमांतून रोज रात्री, गाणारीपासून चार पावलांवर उभे राहून, ती पुन्हा वाजवायची होती. चार सुरांपैकी एकही न चुकवता हे कसे जमत असेल, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

रविवार, रात्री

दुपारभर गिटार घेऊन बसलो. नो डाउटच्या संगीताचे मूळ स्कामध्ये आहे असे म्हणताच पुतण्याने विचारले, "काका, स्का म्हणजे नेमके काय?" मी त्याला ओट्यावर बोटांनी एक, दोन, तीन, चार असा ठेका धरायला लावला आणि त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत चमच्याने वाटीवर टिचकी मारत गेलो. स्कामध्ये गिटार त्या मधल्या जागेत पडते, म्हणून ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हे जमैकात जन्मले, इंग्लंडमार्गे कॅलिफोर्नियात पोहोचले, आणि माझ्या स्वयंपाकघरात पुतण्याला दोन मिनिटांत जमलेसुद्धा. त्या उचललेल्या पायांखाली जमीन धरून ठेवायचे काम मात्र बेसचे.

'कनाल' हे आडनाव कॅसेटच्या कागदावर वाचून तेव्हा आमच्यात मोठी चर्चा झाली होती. टोनी हा भारतीय आईवडिलांचा, लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. ग्वेन त्या काळात कपाळावर टिकली लावत असे, आणि ती त्याच्या आईची पाहून उचललेली होती. माझी आई एकदा टीव्हीसमोरून जाताना थबकली आणि "टिकली मात्र बरोबर मध्यावर लावली आहे हिने" एवढाच अभिप्राय देऊन आत गेली. संगीताविषयी तिने काही मत दिले नाही, आणि ते बरेच झाले.

10 ऑक्टोबर 1995 रोजी अल्बम बाजारात आला तेव्हा फारसे काही घडले नाही. 'जस्ट अ गर्ल', मग 'स्पायडरवेब्ज' अशी गाणी एकेक करून रेडिओवर रुजत गेली. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या खपाच्या यादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला तो थेट डिसेंबर 1996 मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर चौदा महिन्यांनी. पुढे तो मधूनमधून मिळून नऊ आठवडे तिथे राहिला. 'डोन्ट स्पीक' तर अमेरिकेत रेडिओवर सोळा आठवडे अग्रस्थानी होते, पण तिथे ते सुटे विकायला काढलेच नव्हते, म्हणून गाण्यांच्या मुख्य यादीत तेव्हाच्या नियमांमुळे त्याचे नावच लागले नाही. 1997 च्या ग्रॅमीसाठी बँडचे नामांकन झाले ते 'सर्वोत्कृष्ट नवोदित' या गटात! दहा वर्षे झिजलेल्या माणसांना नवोदित ठरवणारा तो कागद त्यांनी कोणत्या चेहऱ्याने वाचला असेल?

यशाने आणखी एक पेच आणला. मासिकांना मुखपृष्ठावर एकटी ग्वेन हवी असे आणि बाकीचे तिघे कडेला पडत. 'डोन्ट स्पीक'च्या व्हिडिओत त्यांनी हेच भांडण उघडपणे मांडले आहे, आणि तुटलेल्या प्रेमाचे गाणे तिथे तुटू पाहणाऱ्या बँडचे होते. मला ते गाण्यापेक्षाही धीट वाटते.

तरी माझे आवडते गाणे 'संडे मॉर्निंग'. टोनीच्या आईवडिलांच्या घरी दोघांचे भांडण झाले. ग्वेन बाथरूममध्ये दार लावून बसली, हा बाहेर उभा राहून तिच्याशी बोलत राहिला, आणि त्या बंद दारावरून चाललेल्या बोलण्यातून हे गाणे सुरू झाले. आज त्याच्या कडव्यातला बेस बसवायला घेतला. बोटे तिसऱ्या तारेवर जाताना दर वेळी अर्धी मात्रा उशीर होतो आहे, कारण मी मनात शब्द म्हणतो आणि शब्द मला ओढून नेतात. आठव्यांदा तेच झाले तेव्हा आतून आवाज आला, "अहो, आता दार तरी लावून घ्या." मी दार लोटले, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज दोन अंकांवर आणला आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून मोजायला सुरुवात केली.