लांब लहरी आधी पोचतात

आज दिवसभर एकाच भूकंपाची नोंद समोर घेऊन बसले होते. पृष्ठीय लहरी, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरी, सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या दोन शिखरांत जवळपास ४० सेकंदांचं अंतर, मग ३०, शेवटी २० सेकंदांवर नुसती दाटीवाटी. शिखरांत जास्त अंतर असलेल्या लांब लहरी खोल, पृथ्वीच्या बाहेरच्या कवचाखाली, थेट प्रावरण नावाच्या थरापर्यंत चाचपतात. तिथला खडक जास्त ताठर, म्हणून त्या पुढे निघतात. आखूड लहरी कवचातच रेंगाळतात. या मागे-पुढे होण्यावरून खालचे थर ओळखायचे! तिबेटखालून येणाऱ्या लहरी तर फारच संथ, कारण तिथलं कवच सुमारे ७० किलोमीटर जाड, आपल्या दख्खनच्या जवळजवळ दुप्पट. खणून बघावं, तर माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोला, जेमतेम १२ किलोमीटरचं. संध्याकाळी शेवटचा बिंदू लहरींचा वेग दाखवणाऱ्या वक्रावर नीट बसला, तरी खुर्चीतून उठवेना.