गोठ्याच्या भिंतीवरची संजा

पितृपक्षात माळव्यात संजा मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली रोज भिंतीवर शेणाची एक आकृती करतात, तिला फुलांच्या पाकळ्या लावतात, दिवेलागणीला आरती करून गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती खरवडायची आणि त्या तिथीची नवी करायची. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या आम्हा मुलींनी ही शेजारणींकडे पाहिली, पण आपल्या घरी असायचा तो भोंडलाच. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरकडच्या शेतावर राहायला आल्यापासून माझी लेक मात्र शेजारच्या काकीजींच्या भिंतीपुढून हलायची नाही. २०२५ साली ती म्हणाली, यंदा आपल्या दारी. आणि आम्ही ती मांडली, पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत एकही तिथी न चुकवता.

काकीजींनी पहिली गोष्ट सांगितली ती फुलांची. बाजारातला झेंडू चालवून घेतात, पण संजाची खरी फुलं म्हणजे गुलतेवडी, आपला तेरडा. तो पितृपक्षात हवा तर बी पावसाच्या तोंडाशीच टाकायला हवं. इकडे सोयाबीनची पेरणी चालू असताना मुलांनी विहिरीच्या कडेला तेरड्याचं बी टाकलं. पांढऱ्यासाठी दारातली चांदणी होतीच, लालसाठी कण्हेर. पिवळ्यासाठी कुंपणावरची गिलकी, म्हणजे घोसाळी. तिची फुलं सकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवली नाहीत तर दुपारपर्यंत मलूल होतात.

मग शेण. लोकांना वाटतं, गाय दारात आहे म्हणजे शेणाला काय तोटा! पण पावसाळ्यात गाय हिरव्या चाऱ्यावर असते, तेव्हा शेण पातळ पडतं. भिंतीवर थापलं की ओघळतं. आमची कपिला माळवी जातीची, पांढरी, शांत. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीपासून तिच्या गव्हाणीत हिरवं कमी केलं आणि गव्हाचा भुसा वाढवला. फरक लगेच दिसला. पहाटेचं पहिलं शेण, तिने पाय द्यायच्या आत उचलायचं, त्यात काडी-कचरा असेल तो वेचायचा, चिमूट-चिमूट बारीक भुसा घालून कणकेसारखं मळायचं. शाळेची बस यायच्या आधी एवढं काम उरकून गोळा ओल्या पोत्याखाली ठेवला की संध्याकाळपर्यंत मऊ राहतो.

भिंतीचाही प्रश्न होता. घराची भिंत सिमेंटची, तिच्यावर शेण वाळलं की पापुद्रा सुटून खाली येतं. गोठ्याची जुनी मातीची भिंत उपयोगी पडली. तिची पूर्वेकडची बाजू निवडली, कारण पाऊस आमच्याकडे बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो आणि पूर्वेला वळचण रुंद आहे. तिथे सासूबाईंनी एक चौकोन सारवून दिला. रोज आकृती करण्याआधी त्यावर पाण्याचा हबका मारायचा, शेणाच्या करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, त्या भिंतीला लावून दोन्ही बाजूंनी बोटाने दाबत जायचं. पाकळी ओल्या शेणावरच बसते. तेरड्याची पाकळी देठाकडून अंगठ्याने टेकवायची आणि वरची कड मोकळी सोडायची. लेकीचा हात यात इतका बसला की शेवटी शेवटी तिची रेघ काकीजींच्या रेघेइतकी सरळ येऊ लागली. हे मी आई म्हणून म्हणत नाही, काकीजीच म्हणाल्या.

पौर्णिमा ७ सप्टेंबरला होती, रविवार. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. ग्रहणाचं सूतक, म्हणजे वेध, दुपारी एकच्या सुमाराला लागणार होतं आणि सासूबाईंना सूतकात पूजा चालणार नव्हती. काकीजींचंही तेच मत. म्हणून पहिल्या दिवसाचा पाटला, म्हणजे बसायचा पाट, सकाळीच मांडला आणि आरतीही भर उजेडात झाली. दोन घरांची चालीरीत वेगळी, भाषा वेगळी, पण या बाबतीत दोघींचं इतकं पटलं की मला फार बरं वाटलं. पुढे १० तारखेला तीज (तृतीया) आणि चौथीचं श्राद्ध एकाच दिवशी आलं. म्हणजे आकृत्याही दोन. तीजेची सकाळी शाळेआधी, चौथीची चौपड, म्हणजे सारीपाट, संध्याकाळी. बसच्या हॉर्नवर पाकळ्या लावल्या गेल्या, पण लावल्या.

मग पंचमीला पाच कुंवारे (बिनलग्नाचे मुलगे), सप्तमीला सातिया (स्वस्तिक), अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल. क्रम गावागावाला थोडा बदलतो. आम्ही काकीजींचा धरला. नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. त्या दिवशी आमच्याकडे अविधवा नवमी, सासूबाई पहाटेपासून वडे, खीर, कढी यांत गुंतलेल्या. मुलांनी गोग्रासाचं पान कपिलेपुढे नेलं, कावळ्याचं पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि मगच शेणात हात घातला. धाकट्याने विचारलं, डोकरी म्हणजे पणजी का? सासूबाई म्हणाल्या, हो, तीच समज. त्याने मग डोकरीला चांदणीच्या फुलांचे पांढरे केस केले आणि कपाळावर कण्हेरीची पाकळी लावली. माझ्या आजेसासूबाई सवाष्ण गेल्या. मुलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सासूबाई बराच वेळ त्या भिंतीपाशी उभ्या होत्या.

धाकट्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. संजा मुलींची. शेजारच्या मुली पहिल्या दिवशी त्याला म्हणाल्या, तू बस तिकडे. मी मध्ये पडले. गोठ्यातलं शेण उचलायला मुलगा चालतो, फुलं खुडायला चालतो, तर भिंतीवर त्याचा हात का चालू नये? काकीजींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मांडू दे, आरती मुलींनी करायची. ही वाटणी सगळ्यांना मानवली. माझं स्पष्ट मत आहे की मुलगे बाजूला ठेवून ही कला टिकवायला आता आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत.

अडचणी आल्या. बकरीला गिलकीची फुलं इतकी आवडतात हे संजेमुळे कळलं. खालच्या दोन हातांतली सगळी पिवळी नक्षी तिने एका दुपारी चाटूनपुसून नेली. त्यानंतर पिवळं वरच्या बाजूला आणि कण्हेर लावली असेल तेव्हा बकरी तिथून लांब बांधूनच ठेवायची, कारण कण्हेर जनावराला विषारी. हे शेतावर राहणाऱ्यांना सांगायला नको, पण शहरातून आलेली पोरं दोरी सोडून देतात. एका संध्याकाळी पाऊस उलट्या दिशेने आला आणि अर्धी आकृती वाहिली. इंदूरहून नणंदेने फोनवर सुचवलं, बाजारात छापील कागदाची संजा मिळते, चिकटवून टाक. सोय म्हणून वाईट नाही, फ्लॅटमध्ये दुसरं काय करणार. पण आमच्या दारात गाय असताना कागद आणायला माझं मन घेईना. मुलांनी कंदिलाच्या उजेडात ती पुन्हा केली.

मोठ्यांची मदत फारशी नव्हतीच. सोयाबीन कापणीला येत होतं. शेताच्या एका कोपऱ्यात पिवळा मोझॅक हा रोग दिसला होता, तो पांढऱ्या माशीने पसरतो, म्हणून यांचा जीव तिकडे. वाळलेली शेंग उभी ठेवली तर फुटते आणि ओलं पीक कापता येत नाही, त्यामुळे आभाळाकडे बघत मजूर ठरवायचे आणि परत पाठवायचे, असं चाललं होतं.

आरतीनंतरचा प्रसाद हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग. डबा झाकून आणायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा, थेट आपल्या खिरापतीसारखा. आमच्या पाळीला मी भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसांचा, कीस केला. कुणी डबा कानाशी नेऊन हलवला, कुणी फटीतून वास घेतला, खारा की मीठा एवढ्यावरच भांडण झालं. शेवटी ओळखलं ते काकीजींच्या सगळ्यात लहान नातीने, कारण तिने सकाळी धाकट्याला कणसं सोलताना पाहिलं होतं.

एकादशीपासून किल्लाकोट सुरू झाला. चौकोनी तट, खाली दार, आत चंद्र-सूर्य, निसरणी (शिडी), पालखी, बैलगाडी, ढोली (ढोल वाजवणारा), जाडी जसोदा आणि पतली पेमा. शेजारच्या मुलींनी चमकीचा कागद आणला, तो तटाला लावू दिला. आतली माणसं फुलांचीच. धाकट्याने बैलगाडीला बैलाऐवजी कपिला जुंपली. काकीजी म्हणाल्या, गायीला कोणी गाडीला लावतं का. मग त्याने तिला सोडवून तटाच्या दाराशी उभी केली.

रोज खरवडलेलं शेण आणि वाळक्या पाकळ्या आम्ही टोपलीत साठवत होतो. २१ तारखेला, अमावास्येच्या संध्याकाळी, किल्लाकोटही उतरवला आणि सगळ्या पोरी टोपली घेऊन गात गात ओढ्यावर गेल्या. धाकटा पुढे, बॅटरी घेऊन.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या आठवड्यात इंदूरला भोंडल्याला गेलो तर लेकीभोवती तिथल्या मुली गोळा झाल्या, आमच्या बिल्डिंगमध्ये करता येईल का म्हणून. तिने सगळं सांगितलं. जुना पाट किंवा फळी घ्या, तिच्यावर आधी सारवण करून पूर्ण वाळवा, भिंत खराब होणार नाही. तेरडा कुंडीत येतो, बी जूनमध्ये टाका. आणि शेण? ते आम्ही पाठवू, ती म्हणाली, पण तुम्ही आठ दिवस आधी कळवा, कपिलेचा चारा बदलावा लागतो.